नाझरेथचं उरलेलं वाचन

२६ जानेवारी २०२५ रविवारी आला होता. सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, देवळाच्या आवारात झेंडावंदन होतं, म्हणून पुढच्या बाकांवर गणवेशातली मुलं दाटीवाटीने बसली होती आणि त्यांच्या बुटांच्या पॉलिशचा वास धुपाच्या वासात मिसळत होता. श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचायची पाळी त्या दिवशी युवकांची होती. पोपसाहेबांसाठी, महागुरूंसाठी म्हणजे बिशपांसाठी, देशाच्या नेत्यांसाठी, दहावी-बारावीला बसणाऱ्या मुलांसाठी, धर्मग्रामातल्या आजाऱ्यांसाठी, असा नेहमीचा क्रम. शेवटची प्रार्थना कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने स्वतः लिहून आणली होती. खटला न चालताच वर्षानुवर्षं तुरुंगात पडून असलेल्या कच्च्या कैद्यांसाठी, आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांसाठी. तिचा आवाज किंचित कापला. ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे’ हा प्रतिसाद आला, पण आधीच्या पाच वेळा जसा छताला भिडला होता तसा नाही. लोक एकमेकांकडे बघत, जरा उशिरा म्हणाले.

झेंडावंदन झालं, मुलांना बुंदीची पाकिटं वाटली, मोठ्यांना चहा. त्या गर्दीत शेजारच्या आळीतले एक काका तिच्याजवळ गेले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “बाळ, आपली माणसं काय कमी आहेत प्रार्थनेला? हे तुरुंगाचं राजकारण देवळात कशाला?” मुलगी काही बोलली नाही. हातातला कप तिने नुसता फिरवला. मी शेजारीच होते. म्हटलं, “काका, आत्ताच तर फादरांनी वाचलं ना, बंदिवानांची सुटका म्हणून?” ते हसले. “अगं, ते आत्म्याच्या बंधनाबद्दल आहे.”

हे काका कुणाच्या अध्यात-मध्यात नसणारे गृहस्थ नाहीत. गावात कुणी गेलं की शवपेटीपासून कबर खणणाऱ्यापर्यंत सगळी धावपळ तेच करतात. वसईच्या जमिनी-पाण्यासाठी निघालेल्या हरित वसईच्या मोर्चात ते तरुणपणी पुढच्या रांगेत चालले होते, त्याच्या गोष्टी आजही डोळे चमकवत सांगतात. म्हणजे देवळातून निघून सरकारच्या दारात उभं राहणं त्यांना नवीन नाही. मग तुरुंगाचं नाव निघाल्यावर त्यांना राजकारण का आठवलं? हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

त्या रविवारचं शुभवर्तमान लूकचं होतं. येशू आपल्या गावी, नाझरेथला येतो, शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो, यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उलगडतो आणि वाचतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक. मग ग्रंथ गुंडाळून खाली बसतो आणि म्हणतो, हे आज तुमच्या कानांदेखत पूर्ण झालं. त्या दिवशीचं वाचन इथे थांबतं. उरलेला भाग पुढच्या रविवारचा असतो. पण २ फेब्रुवारी हा येशूच्या मंदिरातल्या समर्पणाचा सण, आणि २०२५ साली तोही रविवारीच आला. त्यामुळे आम्ही मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीने आत गेलो, म्हाताऱ्या शिमोनाचं गीत ऐकलं, आणि नाझरेथची गोष्ट त्या वर्षी अर्धीच राहिली. घरी येऊन मी ती पुढे वाचली. शेकडो वेळा ऐकलेली असूनही त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्यासारखी.

सुटकेचं वाचन ऐकून नाझरेथचं कुणी चिडलेलं नाही. उलट सगळे कौतुक करताहेत, हा आपल्या योसेफाचाच मुलगा ना, म्हणून. गावचा पोरगा एवढं सुरेख बोलतोय याचा त्यांना अभिमान आहे. मग येशू त्यांना दोन जुन्या गोष्टींची आठवण करून देतो. साडेतीन वर्षं पाऊस पडला नाही तेव्हा इस्राएलात विधवा काय कमी होत्या? पण एलियाला पाठवलं गेलं ते परक्या सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे. अलिशाच्या काळात कुष्ठरोगी काय कमी होते? पण शुद्ध झाला तो सूरिया देशाचा नामान. एवढं बोलल्याबरोबर तेच कौतुक करणारे गावकरी उठतात, त्याला गावाबाहेर काढतात आणि कड्यावरून लोटून द्यायला नेतात. न्यायाचं नाव निघालं तोवर सगळं ठीक होतं. तो न्याय आपल्या यादीबाहेरच्या माणसाकडे वळला तेव्हा बिघडलं. ‘आपली माणसं काय कमी आहेत?’ हा प्रश्न नाझरेथमध्येही जवळजवळ याच शब्दांत उभा होता.

माझं बालपण वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं. घरामागे वाडी, वाडीच्या टोकाला बावखल नावाचं तळं, त्यावर हिरवं शेवाळ आणि कडेला बसून कपडे धुणाऱ्या बायका. आजी राजेळीची सुकेळी करायची. सोललेली केळी उन्हात पसरलेली, त्यांच्यावर घोंगावणाऱ्या माश्या, आणि तो गोड, जडसर वास दुपारभर ओसरीवर रेंगाळायचा. पहाटे डोक्यावर भाजीच्या टोपल्या घेऊन लाल लुगड्यातल्या बाया स्टेशनकडे निघायच्या. १९८० चं दशक संपत आलं तेव्हा या सगळ्याला घरघर लागली. शेतजमिनी बिल्डरांसाठी मोकळ्या होऊ लागल्या, रात्री-अपरात्री विहिरींवर टँकर लागू लागले आणि काही विहिरींचं पाणी खारं झालं. दहशत अशी की मोठी माणसं काही नावं कुजबुजतच घ्यायची. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना रस्त्यावर आणलं. आमच्या घरी ‘सुवार्ता’ मासिक यायचं, फादर त्याचे संपादक. त्यात एका पानावर प्रार्थना असायची आणि पुढच्याच पानावर पाण्याचा, जमिनीचा, सत्तेचा प्रश्न. एक धर्माचं आणि दुसरं राजकारणाचं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. घरातल्या कुणालाच वाटलं नसावं. पाणी गेलं तर माणूस जातो आणि माणूस देवाचा आहे, एवढं साधं ते होतं.

मोर्चाची माझी आठवण बारकी आहे. आईचा घामेजलेला हात, उन्हाने तापलेला डांबरी रस्ता, पुढे कुठेतरी ढोल. आमच्या वाडीत कामाला येणारं एक वारली जोडपंही आमच्याबरोबर चालत होतं. बाईच्या कडेवर वर्षाचं मूल. घोषणा देताना ती लाजत होती, पण देत होती. जमीन वाचवा, पाणी वाचवा. मी आईला विचारलं, “यांची वाडी कुठे आहे?” आई म्हणाली, “त्यांची नाही गं. आपली.” आणि ती पुढची घोषणा द्यायला लागली.

आईच्या आवाजात काही कठोर नव्हतं. तिने फक्त खरं ते सांगितलं. पण आज त्या वाक्याकडे पाहते तेव्हा मन दोन बाजूंनी ओढलं जातं. हरित वसईचा लढा खरा होता, धाडसाचा होता, त्याने आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं, हे मी कुणाहीसमोर सांगेन. आणि हेही तितकंच खरं की त्या लढ्यात आम्ही आमची वाडी वाचवत होतो. त्याच तालुक्याच्या पूर्व बाजूला, आमच्या देवळांच्या घंटांपासून काही मैलांवर, आदिवासी माणसं सावकाराच्या कर्जापायी पिढ्यानपिढ्या वेठीला जुंपलेली होती. १९८२ पासून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना त्यांना सोडवत होती. आमच्या घरात, आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या मुक्तीबद्दल बोललेलं मला आठवत नाही. आम्ही इस्राएल लोकांची मिसरच्या गुलामगिरीतून सुटका तोंडपाठ म्हणून दाखवायचो. लाल समुद्र दुभंगल्याचं चित्र वर्गाच्या भिंतीवर होतं.

ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक जीवनात कसं उभं राहावं याचा विचार करताना मला लांब जावं लागत नाही. केडगाव जवळ आहे. पंडिता रमाबाईंबद्दल शाळेत वाचलेलं सगळ्यांना ठाऊक असतं, ते मी पुन्हा सांगत नाही. मला त्यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा ओढतात. पहिली दुष्काळाची. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले. भाऊ आणि त्या अनवाणी देश तुडवत राहिल्या. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन व्यवस्थित चालू होतं, मदत देणारे होते, तिथेच थांबता आलं असतं. त्या उठून मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यात सगळ्या जातींच्या मुली होत्या. उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालेलं काम दुष्काळाने मोकळं करून टाकलं. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, माग आले, छापखाना आला, अंध मुलींसाठी शिकण्याची सोय झाली. उपाशी मुलगी समोर आली की तिला आधी जात विचारायची नाही, हे रमाबाईंना कुणा मिशनऱ्याने शिकवायची गरज नव्हती. त्या स्वतः ती मुलगी होत्या.

दुसरी गोष्ट १८९७ ची. पुण्यात प्लेग होता. सरकारी रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायकांची काय दशा होते, आपल्याच सदनातल्या एका मुलीच्या वाट्याला तिथे काय आलं, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहून मांडलं. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राणीचं. अधिकारी रविवारी चर्चला जाणारे. रमाबाईंच्या संस्थेला पैसा येतो तो ख्रिस्ती देशांतून. अशा वेळी गप्प बसण्याची कारणं हवी तेवढी सापडली असती. प्रकरण लंडनच्या संसदेपर्यंत पोचलं आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं. इकडे पुण्यात धर्मांतरामुळे त्या आधीच परक्या झालेल्या, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनीही सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलेलं. म्हणजे ज्यांचा धर्म त्यांनी घेतला त्यांना त्या जाब विचारत होत्या, आणि ज्यांचा सोडला त्यांच्याकडून पाठिंब्याची आशा नव्हती. अशा एकटेपणात लिहिलेलं ते पत्र आहे. आपल्या धर्माची सत्ता आहे म्हणून तिचे दोष झाकणं हा आपल्या माणसांशी एकनिष्ठपणा असतो. सुवार्तेशी तो एकनिष्ठपणा नव्हे, हे रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत कळून घेतलं. काहींना जन्मभर कळत नाही. इंग्लंडमध्ये ज्या ख्रिस्ती जोगिणींकडे (नन्सकडे) त्या राहिल्या, त्यांनाही त्यांनी सांगून टाकलं होतं की एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही.

कच्च्या कैद्यांच्या प्रार्थनेकडे परत येते. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. त्यात दलित, आदिवासी, मुसलमान, आणि जामिनाची रक्कम भरू न शकणारे गरीब किती आहेत हे कुणाही वकिलाला विचारावं. फादर स्टॅन स्वामी याच माणसांसाठी झारखंडमध्ये काम करत होते. मूळचे तिरुचिरापल्लीकडचे, येशूसंघाचे (जेझुइट) धर्मगुरू. रांचीजवळच्या नामकुमला ‘बगैचा’ या सामाजिक केंद्रात राहायचे. नक्षलवादी ठरवून आत टाकलेल्या आदिवासी तरुणांची माहिती त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोळा केली आणि या कच्च्या कैद्यांसाठी झारखंडच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ८ ऑक्टोबर २०२० ला एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि ते आमच्याच राज्यात, तळोज्याच्या तुरुंगात आले. वय ८३. पार्किन्सनने हात इतके थरथरत की पेला तोंडापर्यंत नेता येत नसे. नळीच्या पेल्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यात कित्येक दिवस गेले. सोबतचे कैदी त्यांना भरवायचे, आंघोळ घालायचे. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत फादरांनी आपल्या त्रासापेक्षा या कैद्यांच्या माणुसकीबद्दल आणि त्यांच्या गरिबीबद्दल लिहिलं. जामिनाचा निर्णय लागायच्या आधीच ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. खटला उभाही राहिला नव्हता.

त्यांचा अंत्यविधी वांद्र्याला मोजक्या लोकांत झाला, ते करोनाचे दिवस होते. आम्ही तो मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. माझ्या ओळखीच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत त्या दिवशी डोळे ओले झाले. आणि तितक्याच घरांत, फार हळू आवाजात, हेही बोललं गेलं की फादरांनी शाळा चालवायची, दवाखाना चालवायचा, या भानगडीत कशाला पडायचं. हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन कोवळी मुलं गाडीत जाळली गेली ते त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २००८ चं कंधमाल आहे. आज कुठल्या राज्यात कुठल्या प्रार्थनासभेवर कोण धावून गेलं याच्या बातम्या रोज फोनवर येतात. लोकसंख्येत शंभरात दोन-तीन असलेल्या समाजाने मान खाली घालून, सेवा करत, कुणाच्या डोळ्यावर न येता जगावं, हा सल्ला भीतीतून येतो. आणि भीती खरी आहे. काकांच्या त्या शांत वाक्यातही ती होतीच, हे मला नंतर त्यांच्याशी बोलताना जाणवलं. “उद्या कुणी व्हिडिओ काढून टाकला तर?” ते म्हणाले. त्यांच्या नातवाने नुकतीच सरकारी नोकरीची परीक्षा दिली आहे.

तरीही मला वाटतं की सेवा आणि न्याय यांची अशी वाटणी करता येत नाही. आपल्या शाळा, दवाखाने, कुष्ठधामं यांचं कौतुक सगळे करतात, कारण त्यातून कुणाला प्रश्न विचारला जात नाही. पण पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांबद्दल परिपत्रक काढलं तेव्हा त्यांनी नुसता दानधर्म वाढवा असं सांगितलं नव्हतं. मजुरी नुसत्या सौद्याने ठरत नाही, कामगाराला नीट जगता येईल एवढी ती असलीच पाहिजे, आणि संघटना करणं हा त्याचा हक्क आहे, असं म्हटलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात नवे पोप निवडून आले आणि त्यांनी लिओ हे नाव घेतलं ते त्या परिपत्रकाची आठवण ठेवून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटलं की या काळातल्या माणसांचे, विशेषतः गरिबांचे, आनंद आणि दुःख हेच ख्रिस्ताच्या अनुयायांचेही आनंद आणि दुःख आहेत. आमची मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली ती याच परिषदेमुळे. मराठी आम्ही मनापासून घेतली. बाकीचं घ्यायचं अजून बरंच उरलंय.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ ला गेले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा एका धर्मगुरूला हे पद कशाला, असा विरोध झाला होता. आजारी असतानाही ते गेले आणि बोलले. आम्हा वसईकरांची छाती तेव्हा फुगली होती. आपला माणूस! पण फादरांना आपला माणूस म्हणून मिरवणं सोपं आहे. त्यांच्यामागे चालणाऱ्यांना आता वाढवणच्या मच्छीमारांचं काय हे विचारावं लागेल. पालघरच्या किनाऱ्यावर प्रचंड बंदर होतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली, आणि तिथले कोळी, मांगेले, वाडवळ वर्षानुवर्षं समुद्र मागताहेत. त्यांच्यातले बहुतेक आमच्या देवळात येत नाहीत. आमच्या विहिरी खाऱ्या झाल्या तेव्हा आम्हाला जसं वाटलं होतं, तसंच त्यांना वाटत असणार, एवढं समजायला त्यांनी आमच्या देवळात यायला हवं असं नाही.

आणि मग आमच्याच देवळांत येणारी, तरी बाहेरची राहिलेली माणसं आहेत. हे लिहिणं मला सगळ्यात जड जातंय.

माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण जालन्याकडची. तिच्या पूर्वजांच्या पिढीत मांगवाड्यातली कितीतरी घरं ख्रिस्ती झाली. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवणारे नारायण शेषाद्री स्वतः जन्माने ब्राह्मण होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकात या माणसांना जमीन, घर, शाळा मिळावी म्हणून आयुष्य घातलं. नगर, जालना, औरंगाबादकडच्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग हा असा, ज्यांना गावाने पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांचा आहे. आमच्या वसईत मात्र आम्ही मूळचे सामवेदी ब्राह्मण, हे वाक्य अजून अभिमानाने बोललं जातं. साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झाला, पण ही आठवण पाण्याने धुतली गेली नाही. लग्न जुळवताना मुलगा ख्रिस्ती आहे एवढं पुरत नाही, कुठला, कुणातला, हे विचारलं जातं. नोकरीसाठी नालासोपाऱ्यात, वसईत येऊन राहिलेली नगर-जालन्याकडची कुटुंबं त्याच बाकावर बसतात, तोच प्रसाद घेतात. सणाच्या जेवणाला मात्र आमच्या ओसरीवर क्वचितच दिसतात.

राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. धर्माच्या नावावर अल्पसंख्याकांना राखीव जागा नकोत असं म्हणणाऱ्यांत ते पुढे होते. आपल्या समाजासाठी वेगळं काही न मागता सगळ्यांच्या न्यायात आपला न्याय पाहण्याची ती मोठी वृत्ती होती. पण १० ऑगस्ट १९५० ला निघालेल्या अनुसूचित जातींच्या आदेशात, हिंदूखेरीज इतर धर्माची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असं कलम आलं. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हे धर्माचं बंधन काढायला सांगितलं, ते झालं नाही. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण वीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे. २०२२ मध्ये सरकारने याच प्रश्नाचा अभ्यास करायला बालकृष्णन आयोग नेमला.

मैत्रिणीच्या नात्यातल्या कितीतरी घरांत यामुळे दोन नावं असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक बाप्तिस्म्याचं. दाखल्यावरच्या नावाने शिष्यवृत्ती, फी माफी, नोकरीची वाट. बाप्तिस्म्याच्या नावाने फक्त घरातली माणसं हाक मारतात. तिच्या भाच्याला शहरातल्या वसतिगृहात राहायला जायचं होतं, तेव्हा आजीने त्याच्या गळ्यातला क्रूस काढून स्वतःजवळ ठेवला. तो ख्रिस्ती झाला म्हणून गावाने त्याला वेगळ्या विहिरीच्या सक्तीतून काही मोकळं केलं नाही. मांग म्हणून जे सोसायचं ते सगळं तो सोसतोच. फक्त त्याबद्दल न्याय मागताना त्याला येशूचं नाव खिशात ठेवावं लागतं. आणि गळ्यात क्रूस मिरवत, मोठ्या सणाला देऊळ उजळवणारे आम्ही, ज्यांना या आदेशाने काडीचाही फरक पडत नाही, आम्हाला हा आदेश कोणत्या तारखेचा हेही ठाऊक नसतं.

भारतातले बिशप आणि इतर पंथांची चर्चेस नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दलित मुक्ती रविवार पाळतात. अनेक ठिकाणी तो एका घोषणेत आटोपतो. मला वाटतं वसईसारख्या, जमिनी राखलेल्या, शिकलेल्या, मोर्चा काढण्याचा सराव असलेल्या धर्मप्रांताने ही मागणी सगळ्यांत मोठ्या आवाजात करायला हवी. कारण तिच्यातून आम्हाला मिळण्यासारखं काही नाही. ज्याला हवं आहे त्यानेच ओरडावं, हे आम्ही फार वर्षं चालवलं. त्या आधी आमच्या सोयरिकी, आमच्या पंगती, आमचे वडिलोपार्जित अभिमान यांच्याकडे पाहावं लागेल. बाहेरच्या सरकारकडे न्याय मागताना घरातली ओसरी बंद ठेवता येत नाही.

हे सगळं मी मैत्रिणीला बोलून दाखवलं. डब्यातली भाकरी मोडता मोडता तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही वसईचे लोक कधी आमच्याकडे आलात का? म्हणजे फादरांच्या बंगल्यावर नाही. आमच्या वस्तीवर. दोन दिवस राहायला?” मी नाही म्हटलं. “मग आधी या,” ती म्हणाली. “मागणी-बिगणी त्याच्यानंतर लिहू. आमच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहू, त्यांना काय पाहिजे ते.” नोव्हेंबरच्या त्या रविवारी जायचं ठरलंय. प्रार्थना लिहिणारी ती मुलगी येतेय. काकांनाही मी विचारलंय, आणि त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही.